राख झालेला ग्रंथ

रोममध्ये पावाच्या रांगेत माझ्यापुढे दोघं बोलत होती: ग्रंथांच्या नकला करणारा हिलारुस आणि सूत कातणारी म्हातारी तेर्तुला.

“काल चौकात कुणाचा ग्रंथ जाळला रे?”

“वेरानिउसचा, मावशी. त्याला बेटावर हद्दपार केलंय.”

“असं काय लिहिलं होतं बाबानं?”

“शहराला आग लागली, तेव्हा सरकारी धान्याची कोठारं तीन दिवस बंद ठेवली होती, असं.”

“मग खोटं आहे का ते? माझी सेकुंदा लेकरू काखेला घेऊन त्या दारावर मुठी आपटत होती. तिथेच गेली.”

“तेही लिहिलंय. नावानिशी.”

“माझ्या पोरीचं नाव? ग्रंथात?”

“‘तेवढ्या ओळी खोड आणि घरी राहा,’ सरकारी माणसं म्हणाली त्याला. गडी ऐकेना.”

“आणि आता सगळ्याची राख!”

“राख गुंडाळ्यांची झाली. आमच्याकडे एक जण मोठ्यानं वाचतो आणि वीस जण लिहितात. पाच वेळा लिहिलाय मी तो. विसरेन होय?”

“मग म्हण की.”

“इथं? मागे शिपाई उभा आहे, मावशी.”

“बाकीचं हळू म्हण. तिचं नाव तेवढं मोठ्यानं घे.”