म्हशीमागं घाटापातूर

बीपी दाखवायला कोल्हापुरातल्या दवाखान्यात गेलतो. शेजारी सासू-सून बसल्याल्या. सुनेचा तिसऱ्या महिन्यात गर्भ पडल्याला.

सासू म्हणाली, "तरी सांगत हुते, स्कूटी चालवू नगं. खड्ड्यानंच पडलं."

"आत्ती, आत्ताच डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? सुरुवातीला पडतंय, तवा बहुतेक गर्भाची घडणच चुकल्याली असती. कधी थायरॉईड असतंय, कधी साखर. त्यासाठी रक्त दिलंय की. खड्ड्याचं नावबी घेतलं न्हाई."

"तिला काय कळतंय!"

"बरं, ह्यांच्या वेळंला तुमचं काय झालतं?"

"सातवा महिना हुता. म्हस उधळली आणि दावं माझ्या हातात! मलकापुरातनं फरफटत न्हेलं ते थेट आंबा घाटात!"

"आणि हे?"

"पोटात गाढ झोपल्यालं!"

"तुमाला म्हस घाटापातूर वडत न्हेती, आणि माझं एका खड्ड्यानं पडतंय व्हय?"

"तुझ्या नवऱ्याच्या आधी माझंबी एक पडलतं. सासू म्हणायची, पपई खाल्लीस म्हणून."

"त्यात तुमची चूक न्हवती, आत्ती."

"तवापासनं पपईला हात लावला न्हाई गं मी."

"आत्ती..."

"बघतीस काय? काढ स्कूटी. मंडईतनं चांगली मोठी पपई घिऊ. आणि खड्डं आलं तर येऊ देत!"