दमसास

आजच्या समारंभाच्या अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आमच्या वाद्यवृंदाचे संचालक, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते आमचे संगीतकार सर, पहिल्या रांगेतून आत्तापासूनच माझ्याकडे डोळे वटारून बघणाऱ्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, आणि जमलेल्या सर्व रसिकहो,

मी या वाद्यवृंदात ओबो वाजवते. आम्हाला फुंकायची सवय, बोलायची नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सरांना ‘नवस्वच्छंदतावादी’ म्हटलं. शब्द बरोबरच असणार, मला तो एका दमात म्हणता येत नाही एवढंच. सोप्या भाषेत सांगायचं, तर चाल लिहिणं हा अडाणीपणा समजला जायचा, त्या काळात सर चाली लिहीत होते. चांगल्या ऐसपैस, हळव्या, घरी गेल्यावरही डोक्यातून न जाणाऱ्या. त्यांच्या गुरुजींनी पहिली रचना वाचली आणि म्हणाले, ‘‘बाकी ठीक आहे, ती चाल तेवढी काढून टाक.’’ सर म्हणाले, ‘‘मग उरेल काय?’’ गुरुजी म्हणाले, ‘‘संगीत!’’

आता सांगा, अशा माणसाला काम कोण देणार? सरांनी बरीच वर्षं शाळेत गाणं शिकवलं. वहिनी दातांच्या डॉक्टर. त्या म्हणतात, ‘‘मी मोठ्यांना आ करायला लावायचे, हे लहानांना. दोघांचं मिळून भागायचं.’’ मग कधीतरी आपल्या संचालकांनी धाडस केलं आणि सरांची पहिली सिंफनी वाजवली. त्या संध्याकाळी बाहेर गाड्या काढताना लोक तीच चाल गुणगुणत होते, प्रत्येक जण वेगळ्या सुरात, आणि गाड्या एकमेकींना घासत होत्या. तेव्हापासून सर आमचे झाले.

सरांची काम करायची पद्धत आम्हा वादकांना पाठ आहे. प्रत्येक वाद्याची ओळ ते आधी स्वतः गाऊन बघतात. एका श्वासात गाता आली तर ठेवायची, नाही तर खोडायची. आवाज कसा आहे विचारू नका! वहिनी सांगतात, एकदा सकाळी ते ट्यूबाची, म्हणजे त्या अगडबंब पितळी भोंग्याची, ओळ गात होते, तर खालच्या मजल्यावरचे गृहस्थ धावत वर आले. त्यांना वाटलं, कुणाला तरी झटका आलाय. पण श्वास? आमच्या तरण्याताठ्या ट्रंपेटवाल्यांनी लाजावं असा. म्हणून तर आम्ही त्यांचं नाव ‘दमसास’ ठेवलं. सर, तुम्हाला हे आज कळतंय असा आव आणू नका.

आणि आमचीही एक सवय. तालमीत सर गाऊन दाखवतात, आणि आम्ही कागदाकडे न बघता तसंच्या तसं वाजवतो. कागद चुकेल, सर चुकणार नाहीत, ही आमची श्रद्धा.

गेल्या वर्षी नव्या सिंफनीच्या संथ भागाची तालीम होती. चेलोंना, म्हणजे आमच्या त्या खर्जातल्या थोरल्या व्हायोलिनवाल्यांना, सर चाल गाऊन दाखवत होते. मध्येच थांबले. क्षणभर तोंड उघडं, आवाज नाही. मग पुढे गायले. कागदावर तिथे थांबा नव्हता. पण आमचे चेलोवाले आज्ञाधारक! सगळे बरोब्बर तिथेच थांबले. संचालक म्हणाले, ‘‘वा! काय विराम आहे!’’  सरांनी पेन्सिल काढली आणि कागदावर थांबा लिहून टाकला.

पुढे प्रयोगात त्या थांब्याला टाळ्या पडल्या. समीक्षक महाशयांनी लिहिलं, सरांना उतारवयात संयम सापडला. आम्हीही माना डोलावल्या. कसला संयम आणि कसलं काय! माणसाला धाप लागली होती हो! फुप्फुसांनी असहकार पुकारला होता, आणि आम्ही त्याला शैली म्हणत होतो. पुढच्या प्रत्येक रचनेत ओळी आखूड होत गेल्या, आणि आम्ही वा वा करत गेलो.

हे मी वहिनींची परवानगी घेऊन बोलतेय. सरांची घेतली नाही, कारण ती मिळाली नसती.

तर आजचा हा निरोप का आहे? सर म्हणतात, ‘‘जे मला गाता येत नाही, ते मी लिहीत नाही.’’ बास, विषय संपला. शेवटची सिंफनी अर्धी पडली आहे. वहिनी म्हणतात, दिवसभर खिडकीशी बसतात, पियानोचं झाकणही उघडत नाहीत. परवा त्या मला म्हणाल्या, ‘‘घर इतकं शांत झालंय, की खालचे गृहस्थ आता वर येऊन विचारतात, सगळं ठीक आहे ना?’’

सर, मला राग आलाय तुमचा. मोठ्यांवर रागवू नये, पण आलाय. अहो, लांब सूर धरायचा असतो, तेव्हा आम्ही फुंकणारे काय करतो? पाळीपाळीने श्वास घेतो. एकीचा संपायच्या आत दुसरी सूर उचलते. ऐकणाऱ्याला फट कळत नाही. हे तुम्हाला मी शिकवायचं का? आणि तुम्ही एकट्यानेच सगळा श्वास घ्यायचा, असं कुणी सांगितलंय?

ती संथ भागातली चाल, थांबा येण्याआधीची, ती म्हणा. आत्ता, इथे. हो, वाद्यं नाहीत, मला माहीत आहे. नाही, उठू नका, बसूनच म्हणा. वहिनी, राहू द्या, पाणी नंतर द्या.

...

सर... सर, ऐकलंत का? तुम्ही थांबलात. चेलोवाले थांबले नाहीत. या वेळी एकही थांबला नाही. आणि गळे तर तुमच्यापेक्षा भयंकर आहेत! संचालक, तुम्ही का डोळे पुसताय? तुम्हीसुद्धा गात होतात, मी पाहिलं.

सर, काय म्हणताय? माइकमध्ये बोला... ‘‘तिसऱ्या सुराला चेलो खाली उतरले.’’ बरं. आणखी? ‘‘उद्या सकाळी दहाला तालीम.’’

अध्यक्षबाई, हा निरोप समारंभ होता, आणि त्याचा मी पार विचका केला, त्याबद्दल मनापासून माफी. हार-तुरे आणलेल्यांनी ते परत नेले तरी चालतील. मला बोलू दिलंत, उपकार आहेत तुमचे. लहान तोंडी मोठा घास घेतला, काही वावगं बोललं गेलं असेल तर पोटात घाला. चेलोवाल्यांनो, दहा म्हणजे दहा.