तिन्हींतली एकही नाही

— दाबा हो, मेहताबभाभी, दुखलं तर दुखलं! हिरव्याच बांगड्या भरा म्हटलं ना. लग्न कुणाचं? सांगते, पण हसू नका — मलाच हसू आवरत नाहीये. परवा मला बघायला नगरहून मंडळी आली होती. मुलगा शाळेत भूमिती शिकवतो, रविकांत नाव. पण त्याला तोंड उघडू देतील तर त्याचे मामा कसले! सुईत दोरा ओव, चालून दाखव — झालं सगळं. मग म्हणे, सुमेधा मॅट्रिकला बसणार ना, बघू तरी! खडूनं फरशीवर वर्तुळ काढलं, तीन रेघा ओढल्या — सांग, स्पर्शरेषा कोणती? बघा हं, ही बांगडी म्हणजे वर्तुळ, ही झाडूची काडी म्हणजे रेघ. एक आरपार गेलेली, ती बाद. एक लांबूनच गेलेली, तीही बाद. तिसरी अशी तिरकी येऊन काठाशी थांबलेली. मामांना वाटलं, एकाच ठिकाणी टेकली म्हणजे हीच! मी म्हटलं, तिन्हींतली एकही नाही. अहो, थांबली म्हणून काय झालं? पुढे वाढवा की — शिरली ना आत? खरी स्पर्शरेषा कितीही वाढवा, टेकून नुसती पुढे जाते. आता तरी गप्प बसावं ना मी? छे! मामांच्याच हातातला खडू घेऊन रेघ वाढवून दाखवली. मामा लालेलाल — 'ही पोरगी डोक्यावर मिरे वाटेल!' रेशनची साखर जपून जपून आईनं शिरा केलेला, तो तसाच टाकून उठले. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही.

आणि ते, रविकांत? सगळे चपला घालत होते, तर हे मागे वळले, खाली बसले आणि चौथी रेघ काढली — खरी! मध्यापासून त्रिज्या, कोपऱ्यात काटकोनाची इवलीशी खूण. माझ्याकडे बघून हसले हो, भाभी! कुणाला कळलंसुद्धा नाही. मी त्यावर पाट ठेवलाय, तिथला केर काढू देत नाही कुणाला.

ठरलं का? — ठरलं म्हणजे... काल मामांचा निरोप आला. नापसंत. — अहो, थांबलात का, भरा! रडत नाहीये मी. मला ते फार आवडले, घ्या, सांगून टाकलं! येतील ते. न यायला काय झालं? — कडी वाजली का? आई, कोण गं? नगरहून? मामा आहेत बरोबर? — एकटेच? अगंबाई! सोडा, हात सोडा — राहू द्या ती अर्ध्यात अडकलेली — पेटी उचला, मागच्या दारानं जा, भाभी, जा!