मागचे स्पीकर

टीव्हीला जोडलेल्या कॉम्प्युटरसाठी पाच स्पीकर, तीन पुढचे अन् दोन मागचे, ठरवूनही मी तीनच का आणले, ते ऐका. पंधरा दिवस वहीत तुलना लिहून मी संच पक्का केला होता. अमरावतीच्या दुकानात शेवटची परीक्षा म्हणून आजोबांच्या बोलण्याची जुनी कॅसेट लावली, पेनड्राइव्हवर उतरवलेली. आईला मधोमध खुर्चीत बसवलं. पाठीमागच्या स्पीकरमधून आजोबांचा आवाज आला, तशी ती डोक्यावर पदर घेत ताडकन उठली.

"बसा ना काकू, काहून उठल्या?" दुकानदार म्हणाला.

"मामाजी बोलून राहिले अन् मी खुर्चीत बसू? सून ना मी त्यायची!"

"आई, त्यायले जाऊन तीस वर्षं झाले. आवाज कसा हाय ते सांग. घेऊ ना?"

"आवाज त्यायचाच हाय. पन मागचे नोको घेऊ बाप्पा. मामाजी खाकरल्याबिगर सुनेच्या मागून कधी आले नाई."