औषधवाल्याच्या गाडीची टाकी मीच काढली

नाव : दोनदा सांगून झाले. लिहून घेणारे हवालदार पुन्हा विसरले असतील तर त्यांनी ‘गॅरेजवाली आजी’ लिहावे. त्यांचे हेल्मेट गेल्या महिन्यापासून आमच्याच खुंटीला आहे, तेही ते विसरलेत.
वय : अंदाजे त्र्याहत्तर. धंदा : मुलाच्या मोटारसायकल दुरुस्तीच्या गॅरेजात काम. राहणार : गॅरेजमागची खोली.

मी समक्ष हजर राहून सांगते की, मला लिहिता-वाचता येत नाही. गाड्यांचे नंबर मला सगळे सारखेच. म्हणून मुलाने खूण ठरवली आहे. हँडलला पिवळे फडके असेल त्या गाडीचे ब्रेक खोलायचे. लाल असेल तिची टाकी गळते, ती उतरवायची. एकवीस वर्षांत फडके चुकले नाही.

आज सकाळी दहाच्या सुमारास मुलगा बाजारात सुटे भाग आणायला निघाला. म्हणाला, “आई, बाहेर लाल फडक्याची गाडी आहे. टाकी काढून वेल्डरकडे धाड.” बाहेर भिंतीशी दोन काळ्या गाड्या उभ्या होत्या. एकीला लाल फडके होते. मी तीच घेतली.

आधी कॉक बंद केला. सीट काढली, मागचा बोल्ट सोडला. पकडीने क्लिप दाबून पेट्रोलचा पाइप ओढला, मग दुसरा बारीक पाइप. पेट्रोल दाखवणाऱ्या काट्याची वायर सोडवली आणि टाकी मागे ओढून उचलली. खाली टिपूसही गळलेला नव्हता. हे मला तेव्हाच चमत्कारिक वाटले, पण फडक्याशी कोण वाद घालणार?

पेट्रोल डब्यात ओतले. शेजारच्या वेल्डरला कुलूप होते, म्हणून हातगाडीवर टाकी घालून मी स्वतः पुलापलीकडच्या वेल्डरकडे गेले. एक वाजता परतले तर गॅरेज बंद. समोरची चहावाली म्हणाली, “आजी, लेकाला नेलं की तुमच्या! औषधवाल्याच्या गाडीची टाकी चोरली म्हणतात.”

इथे चौकीत येऊन कळले की, टाकी आपणच काढली असे मुलगा सांगतो आहे. ती कुठे आहे असे पोलिसांनी विचारल्यावर त्याने शेजारच्या वेल्डरचे नाव घेतले, तिथे कुलूप. म्हणून तो चोर ठरला. माझे डोके चालेना. मी त्याला विचारले, “मेल्या, तू बाजारात होतास. टाकी काय तिथून दातांनी ओढलीस?”

तो म्हणाला, “आई, तू गप्प बस. तुझं वय आहे का कोठडीत बसायचं?”

“आणि तुझं आहे?”



औषधाच्या दुकानाचे मालक बाहेरच्या बाकावर आहेत. ते आता सांगतात की, आमच्या भिंतीशी गाडी लावून बँकेत जाण्याआधी शेजारच्या गाडीचे फडके घेऊन त्यांनी आपली सीट पुसली आणि ते आपल्याच हँडलला अडकवले. दुसऱ्याचे फडके घ्यावे कशाला, हे मी विचारले. 

मुलगा सुटलेल्या पाइपांची तोंडे तारेने बांधतो. मी केरसुणीची काडी खुपसते. त्यावरून आमचे रोज भांडण. त्या गाडीच्या दोन्ही पाइपांत काड्या आहेत, जाऊन पाहावे. पेट्रोल गॅरेजातल्या बाकाखालच्या पांढऱ्या डब्यात आहे. टाकी पुलापलीकडे आहे. भोक सापडेना म्हणून तो वेल्डरही चक्रावला होता, त्याने अजून आच लावलेली नाही.

चोरी नक्की कोणी केली ते मला अजून समजलेले नाही. आत बसला आहे त्याने मात्र त्या गाडीला हातही लावला नव्हता.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. ‘मेल्या’ हा शब्द हवालदार गाळत होते, तो मी ठेवायला लावला. बाकी सगळे माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. डाव्या अंगठ्याचा ठसा दिला आहे.

मुलाला सोडावे. कोणाला तरी बसवायचेच असेल तर मला बसवावे आणि सुनेला निरोप द्यावा : नवरा सकाळी उपाशीच निघाला होता, त्याला आधी ऊन ऊन वाढ. मग माझ्यापुरता डबा पाठव. भात मऊ, डाळ पातळ. दात घरी राहिलेत.