करुणाचं नाव

मागच्या आठवड्यात कॉलेजात माझी अशी गत झाली की अजून मान वर होत न्हाई.

जिंतूरला आमाला यंदा कम्प्युटर नेटवर्क हा विषय नवाच हाय. पहिल्या प्रॅक्टिकलला सर म्हणाले, "आपापल्या कम्प्युटरला एक नाव द्या." मला वाटलं, ते नाव माझ्या स्क्रीनपुरतंच राहणार. मी गुपचूप 'करुणा' टाकलं. करुणा येलदरीहून एसटीनं येते, पुढच्या रांगेत बसते. तिच्याशी मी आजवर एक शब्द बोललेलो न्हाई.

थोड्या वेळानं तिनंच हात वर केला. "सर, हा कम्प्युटर माझं नाव घेईना. कुणीतरी आधीच वापरायलंय म्हणतोय."

"एका नेटवर्कवर एक नाव एकालाच मिळतं," सर म्हणाले. "कुणी घेतलंय ते आत्ता कळंल."

त्यांनी प्रोजेक्टरवर ते नाव शोधलं, तर समोर माझ्या कम्प्युटरचा नंबर आला. सगळी लॅब माझ्याकडं वळली. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. करुणा तेवढी वळली न्हाई. मान खाली घालून म्हणाली, "राहू द्या सर, मी माझं बदलते."

ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू कशाला बदलतीस?" सर तिला म्हणाले आन् माझ्याजवळ येऊन हळूच बोलले, "तुला सवताचं नाव हाय ना? ते टाक."

मी कीबोर्डवर हात ठेवला, आन् मला माझ्याच नावाचं स्पेलिंग आठवेना.