फळ्यावरचे चाळीस सेकंद

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे क्लबचे पदाधिकारी, समोर बसलेले पालक, भिंतीला टेकून उभी असलेली माझी बॉक्सर मंडळी आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आमचे सर, सर्वांना नमस्कार. सहायक प्रशिक्षक म्हणून मला पाच मिनिटं दिली आहेत. सरांच्या हाताखाली घड्याळ पाळायला शिकलोय, तेव्हा काळजी नसावी.

सरांबद्दल काय सांगावं? आठ वर्षांपूर्वी मी आलो तेव्हा आमची पोरं रोज तासभर पळायची आणि लढतीच्या तिसऱ्या फेरीत हात खाली टाकायची. सरांनी ते पळणं बंद केलं. वीस सेकंद जीव तोडून ठोसे, चाळीस सेकंद विश्रांती, असं दहा वेळा. एक आजोबा मला म्हणाले, अहो, पोरं तर नुसती उभीच दिसतात! बारा आठवड्यांनी त्याच पोरांचे हात शेवटच्या घंटेपर्यंत वर होते. त्या चाळीस सेकंदांना सर ‘मधली सुट्टी’ म्हणत. सुट्टीत स्वतः मनगट धरून नाडी मोजत. ठोके उतरले नाहीत, तर पुढचे ठोसे बंद. मी मनात म्हणायचो, म्हातारा उगाच लाड करतो. माफ करा सर, पण म्हणायचो.

जरा पाणी घेतो.

दोन महिन्यांपूर्वी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. निदान तसं वाटतंय. स्पर्धा आठवड्यावर आली होती आणि सर, अध्यक्ष महोदय, तुमच्याच बैठकीला गेले होते. आमची सतरा वर्षांची मुलगी सहाव्यांदा ठोसे मारता मारता कोसळली. ओठ पांढरे, डोळे उघडेनात. समितीने विचारलं, वेळापत्रक कोणाचं? सर म्हणाले, ‘माझं.’ जबाबाखाली सही केली, आणि आज निवृत्तीला वर्ष बाकी असताना आपण त्यांना निरोपाचा पुष्पगुच्छ देतोय.

फळ्यावर सरांनी चाळीस लिहिलं होतं. ते पुसून दहा मी लिहिलं.

वाटलं, सुट्टी कापली की पोरं जास्त तयार होतील. नाडी मोजली नाही. ती थांबू का म्हणाली, तर मी म्हटलं नखरे नकोत.

सर मला खाली बस अशी खूण करताहेत. आज त्यांचं ऐकणार नाही. फळ्यावरचं अक्षर त्यांनी त्याच संध्याकाळी ओळखलं होतं. मला म्हणाले, ‘तुझी वीस वर्षं आहेत, माझं एकच राहिलंय.’ आणि मी गप्प बसलो. लाज वाटते मला.

अध्यक्ष महोदय, सरांच्या नोंदीत तुम्ही ‘हलगर्जीपणा’ हा शब्द घातलाय. तो खोडून माझ्या नोंदीत घाला, आणि सरांचं वर्ष त्यांना परत द्या.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. पण तिसऱ्या रांगेत त्या मुलीच्या आई बसल्या आहेत. दवाखान्यात मुलगी शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझे हात धरले होते, तिला उचलून आणलंत म्हणून. मी ‘असू द्या’ म्हणालो होतो. ताई, तुमच्याकडे माइकवरून माफी मागणार नाही. मी खाली येतोय.